'सार्जंट पेपर': मोनो की स्टिरिओ?

तुम्ही विचारलंत म्हणून. बीटल्सचा 1967चा अल्बम 'सार्जंट पेपर' मोनोत (सगळा आवाज एकाच वाहिनीत) ऐकावा की स्टिरिओत (डावी-उजवी अशा दोन वाहिन्यांत)? मोनोत. कारण दडलंय टेपमध्ये.

लंडनच्या ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत तेव्हा चार ट्रॅकची मशीन होती, म्हणजे एका टेपवर चार वेगवेगळे आवाज शेजारीशेजारी भरता यायचे. चारही भरले, की ते एकत्र करून दुसऱ्या टेपच्या एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि उरलेल्यांवर पुढचं वाजवायचं. दर उतरवणीला टेपची सरसर वाढते. शिवाय एकत्र झालेले ड्रम आणि गिटार पुन्हा सुटे होत नाहीत. आमटीत मीठ पडलं की पडलं. बीटल्सचा पॉल मॅकार्टनी बऱ्याच गाण्यांत बास गिटार सगळ्यात शेवटी, वेगळ्या ट्रॅकवर वाजवायचा. म्हणून बास इतका ठसठशीत ऐकू येतो.

स्टिरिओ करताना हे गठ्ठे अख्खेच डावीकडे नाहीतर उजवीकडे ठेवावे लागले. हेडफोनवर ते फार खटकतं. त्यात मोनो मिक्सला, म्हणजे सगळे ट्रॅक जुळवून अंतिम आवाज ठरवायला, बीटल्स स्वतः बसले होते; स्टिरिओ नंतर, त्यांच्याशिवाय, भराभर उरकला गेला.

पडताळून पाहायचं असेल तर 'शीज लीव्हिंग होम' लावा: मोनोत सूर साधारण अर्धा स्वर वर आहे, चालही जलद. 'लूसी इन द स्काय' उलट, मोनोत संथ आणि आवाज जास्त घुसळलेला. स्टिरिओ तबकडी लावून ॲम्प्लिफायरचं मोनो बटण दाबलंत तर यातलं काही मिळणार नाही. मिक्स स्टिरिओचाच राहतो, वर मधले आवाज उगाच पुढे येतात.

एक जागा मात्र स्टिरिओची: 'गुड मॉर्निंग'च्या शेवटी कोंबडीच्या आवाजातून पुढच्या गाण्याची गिटार निघते, तो सांधा तिथे जास्त बेमालूम आहे. गाण्यांमधल्या मोकळ्या जागा काढून टाकलेल्या अल्बमला हे शोभतं. पॉप अल्बम सलग, एकच कलाकृती म्हणून ऐकायची सवय याच तबकडीने पक्की केली. मागच्या कव्हरवर सगळ्या गाण्यांचे शब्द छापलेले होते.

स्टिरिओच हवा असेल तर जाइल्स मार्टिनचा (बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांचा मुलगा) 2017चा मिक्स घ्या. त्याने एकत्र करण्याआधीच्या टेप काढून कामाला लावल्या.

'अ डे इन द लाइफ'चा शेवटचा पियानो कॉर्ड दोन्हींत चांगला आहे. तो विरत गेला तसतसे फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) वर चढवले होते, म्हणून शेवटाकडे आवाज मोठा करून ऐका: खुर्ची करकरते.