डो, डेग, टाइग आणि देह

नाशिकच्या घरांतून आजकाल ‘कणीक मळली’च्या जोडीला ‘डो लावला’ असंही ऐकू येतं. पोळीची असते ती कणीक, पण पिझ्झा, पाव किंवा नानकटाईचा झाला की तोच गोळा ‘डो’ होतो. काहींना हा शब्द खटकतो, काहींना तो उगाच भारी वाटतो. खरं तर तो आपल्या ‘देह’ या शब्दाचा सख्खा चुलतभाऊ आहे. कसा, ते नीट मांडून बघू. शब्दांची नाती नुसत्या कानाने ठरवली की हमखास फसायला होतं.

आधी जर्मेनिक भाषांतली भावंडं. इंग्रजीत डो, जर्मनमध्ये टाइग (शेवटचा ग उच्चारात क होतो), डचमध्ये डेख, स्वीडिशमध्ये डेग, डॅनिशमध्ये डाय, नॉर्वेजियन आणि आइसलँडिकमध्ये डेइग, यिडिशमध्ये टेयग. सर्वांत जुना पुरावा गॉथिक भाषेचा. चौथ्या शतकात वुल्फिलाने बायबलचं गॉथिक भाषांतर केलं. थोडंसं आंबवण सगळा गोळा आंबवतं, अशा अर्थाचं वाक्य त्यात आहे आणि तिथे गोळ्यासाठी ‘डाइग्स’ हा शब्द येतो. जुन्या इंग्रजीत तो ‘दाग’ होता. पुढे शेवटचा ग घशात घासत ख-सारखा झाला आणि मग उच्चारातून पार गळाला. स्पेलिंगमधले ते दोन मुके वर्ण म्हणजे त्याचीच खूण. इंग्लंडच्या उत्तरेकडे मात्र तो घासलेला ध्वनी ‘फ’ झाला. खलाशांच्या जेवणातलं ‘प्लम डफ’ नावाचं पुडिंग म्हणजे हाच डो, फक्त वेगळ्या गावच्या उच्चारातला.

फिनिश भाषा या कुळातली नाही. तरीही तिथे कणकेला ‘ताइकिना’ म्हणतात, आणि तो शब्द जर्मेनिक शेजाऱ्यांकडून फार पूर्वी उसना घेतलेला आहे.

आता संस्कृतशी नातं. ते तपासताना एका शब्दावर विसंबायचं नाही, त्याच साच्यातून गेलेले आणखी शब्द शेजारी ठेवायचे. संस्कृत आणि युरोपातल्या बहुतेक भाषा ज्या एका जुन्या भाषेतून निघाल्या, त्या मूळ भाषेतला ‘ध’ संस्कृतात ध राहतो, इंग्रजीत ड होतो आणि जर्मनमध्ये आणखी एक पायरी पुढे जाऊन ट होतो. मधु – मीड – मेट. विधवा – विडो – विट्वे. ‘करणे, ठेवणे’ या अर्थाचा धा – डू – टून. या रांगेत डो – टाइग चपखल बसतात. दुसरी तपासणी शेवटच्या व्यंजनाची. संस्कृतातला ‘ह’ पुष्कळदा जर्मेनिक ‘ग’च्या जागी येतो: हंस – गूस – गान्स. म्हणजे टाइगच्या ‘ग’ला संस्कृतात ह हवा. आदि ध, अंती ह, म्हणजे ‘धेह’ असं काहीतरी मिळायला हवं. मिळतं ते ‘देह’. मग ध कुठे गेला?

याचं उत्तर हेरमान ग्रासमान यांनी 1863 मध्ये दिलं. हे गृहस्थ मुळात गणिती. गणितात समकालीनांनी फारशी दाद दिली नाही तेव्हा ते संस्कृतकडे वळले आणि ऋग्वेदाचा कोश करून मोकळे झाले. त्यांचा नियम साधा आहे: एका धातूत दोन महाप्राण, म्हणजे ध-घ-भ यांसारखी ह मिसळलेली, व्यंजनं आली तर संस्कृतात पहिल्याचा महाप्राण गळतो. ‘धिघ्’सारख्या मूळ रूपातून ‘दिह्’ झाला तो असा. आणि दुसऱ्याचा महाप्राण काही कारणाने गेला, की पहिल्याचा परत उगवतो. दिह्चं भविष्यकाळी रूप ‘धेक्ष्यति’ होतं, तिथे हरवलेला ध पुन्हा दिसतो. दुहिता – डॉटर – टॉख्टर या रांगेतही हाच प्रकार घडला आहे.

चुका कुठे होतात? पहिली म्हणजे डो आणि ‘दही’ जोडणे. दही हे ‘दधि’वरून आलेलं, तिथे शेवटी ग-ह काहीच नाही, नातं संपलं. दुसरी चूक जास्त फसवी: दिह् आणि दुह् एकच मानणे. दुह् म्हणजे दूध काढणे, दिह् म्हणजे लिंपणे, माखणे, लेपून आकार देणे. एका स्वराचा फरक, पण घराणी दोन. तिसरी चूक जर्मन शिकणाऱ्यांची. ‘टाइख’ म्हणजे तळं आणि ‘टाइग’ म्हणजे कणीक. कानाला जवळ, पण मूळ वेगळं.

दिह् धातू मराठीत ठिकठिकाणी बसलेला आहे. देह आणि विदेह तर उघडच आहेत. संदेह आणि संदिग्ध यांतही तोच. संदिग्ध म्हणजे सगळीकडून माखलेलं, कडा दिसेनाशी झालेली गोष्ट. सुश्रुतसंहितेत लेपाचे प्रलेप, प्रदेह आणि आलेप असे तीन प्रकार आहेत. त्यातला प्रदेह जाड लेप. ऋग्वेदात ‘देही’ म्हणजे मातीचा बांध, तटबंदी. शंबराच्या अशा नव्याण्णव देही इंद्राने फोडल्याचं सहाव्या मंडलात आहे. अवेस्ता या पारशांच्या जुन्या धर्मग्रंथातला ‘पइरि-दएझ’ म्हणजे भोवती भिंत घातलेली जागा. तोच शब्द ग्रीकमार्गे ‘पॅरडाइज’ झाला. लॅटिनमध्ये आदि ध चा फ होतो, म्हणून तिथे ‘फिंगेरे’ म्हणजे मातीला आकार देणे आणि ‘फिगुलुस’ म्हणजे कुंभार. इंग्रजीतले फिगर आणि फिक्शन हे तिकडचेच.

म्हणजे या कुळात माती आधी, कणीक नंतर. गॉथिकमध्ये तर दोन्ही शेजारी सापडतात: कणकेला ‘डाइग्स’ आणि मातीच्या भांड्यांना ‘डिगना’. मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरजही नाही. जुन्या नाशकातल्या कुंभारवाड्यात माती मळतात आणि शेजारच्या घरात कणीक मळतात, क्रियापद एकच. लहान मुलांचं ‘प्ले-डो’ 1956 मध्ये अमेरिकेत खेळणं म्हणून बाजारात आलं. त्यात गव्हाचं पीठ असतं, पण काम मातीचं. शब्द फिरून जुन्या जागी आला म्हणायचा.

मळणारी बाईसुद्धा या शब्दात राहिली आहे. जुन्या इंग्रजीत ‘ह्लाफ’ म्हणजे पाव, आजचा लोफ. ‘ह्लाफवेआर्ड’ म्हणजे पावाचा राखणदार, तो झिजून ‘लॉर्ड’ झाला. ‘ह्लॅफदीये’ म्हणजे पाव मळणारी, ती ‘लेडी’ झाली. राखणारा धनी आणि मळणारी धनीण, ही वाटणी तिकडचीच असं समजायचं कारण नाही. मळणाऱ्या मोलकरणीला ‘दॅय’ म्हणत. पुढे तिच्याकडे दूधदुभतं आलं, आणि तिच्या कामाच्या जागेला ‘डेअरी’ म्हणू लागले. म्हणजे डेअरी या शब्दात दुधाचा थेंब नाही, कणीक आहे. नॉर्वेत डोंगरातल्या कुरणावर गुरं सांभाळणाऱ्या बाईला ‘बुडेइए’ म्हणतात, तिच्या नावातला ‘डेइए’ही हाच.

मराठीचा विचार वेगळ्या जागी थांबला. पीठ हे ‘पिष्ट’वरून, म्हणजे दळलेलं. कणीक कणावरून. आपले शब्द जातं लक्षात ठेवतात, तिकडचे परात. त्यामुळे आपल्याकडे डब्यातली कोरडी ती कणीक आणि परातीतली भिजवलेली तीही कणीकच. पातळ असेल तर पुन्हा पीठ: डोशाचं पीठ, भज्यांचं पीठ. जर्मन लोकांचंही असंच चालतं, पॅनकेकचं पातळ मिश्रणही त्यांना टाइगच. डॅनिशांनाही डायच. इंग्रज मात्र तिथे ‘बॅटर’वर जातात, जे मुळात फ्रेंच आणि अर्थाने ‘फेटलेलं’. डच ‘बेस्लाख’ म्हणतात, त्यातही मारण्या-फेटण्याचाच धातू. स्वीडिश ‘स्मेट’ म्हणतात, म्हणजे माखायचं. नॉर्वेजियन ‘रोरे’ म्हणतात, म्हणजे ढवळलेलं.

सीमा कुठे? 100 ग्रॅम पिठाला पोळीच्या कणकेत साधारण 65 ते 75 ग्रॅम पाणी जातं, लादी पावाच्या मैद्यात 60 ते 65. पंचाहत्तरच्या पुढे गोळा हाताला चिकटतो, शंभरच्या आसपास मळणं संपून ढवळणं सुरू होतं, आणि धिरड्याला दीडशे-दोनशे लागतं. डेग आणि स्मेट यांची हद्द ती, शंभरच्या अलीकडे-पलीकडे.

इथे एक व्यावहारिक खड्डा आहे. जर्मन बेकरीच्या कृतींत ‘टाइगआउसबॉइटे’ नावाचा आकडा असतो, थोडक्यात टीए. टीए 160 लिहिलेलं असलं की 160 टक्के पाणी समजून लोक भज्याचं पीठ करून बसतात. तो आकडा पीठ आणि पाणी मिळून आहे: 100 पीठ, 60 पाणी. 500 ग्रॅम मैद्याच्या पावाला टीए 162 म्हणजे 310 ग्रॅम पाणी, सोबत 9 ग्रॅम मीठ. आंबवणाच्या कृतीत टीए 200 दिसला तर पीठ-पाणी समसमान. तसंच ‘एक वुर्फेल’ यीस्ट म्हणजे 42 ग्रॅमची ताजी वडी. त्या जागी 42 ग्रॅम कोरडं यीस्ट घातलं तर पाव फसफसून वर येईल, बसेल, आणि खाताना दारूचा वास मारेल. कोरड्याची 7 ग्रॅमची एक पुडी 500 ग्रॅम मैद्याला पुरते. नाशिकच्या एप्रिलमध्ये 4 ग्रॅमही चालतं.

एप्रिलचं सांगायचं कारण गोळ्याचं तापमान. हाताने मळलेला पावाचा गोळा 26 अंशांवर यावा असं धरायचं. 26 गुणिले 3 म्हणजे 78. त्यातून खोलीचं तापमान, पिठाचं तापमान आणि मळण्याच्या घर्षणाचे 2 वजा करायचे, उरेल ते पाण्याचं. जानेवारीत पहाटे ओटा आणि पीठ दोन्ही 16 वर असतील तर पाणी 44 अंश. निफाडकडे आणखी गार असतं, पण पाणी 50 च्या पुढे न्यायचं नाही, तिथून यीस्ट मरायला लागतं. त्यापेक्षा पीठच आधी उबेला ठेवावं. एप्रिलच्या दुपारी दोन्ही 34 वर असतील तर पाणी 8 अंश, म्हणजे सरळ फ्रिजमधलं. एप्रिलमध्ये नळाचं पाणी घातलं की गोळा पाऊण तासात दुप्पट होतो, चव मात्र धरत नाही.

‘झाउअरटाइग’ हा शब्द शब्दशः ‘आंबट कणीक’. उत्तर युरोपात तो चवीसाठी आला नाही, राय या धान्यामुळे आला. रायमध्ये गव्हासारखं चिवट ग्लुटेनचं जाळं बनत नाही, आणि त्यातलं पिष्ट तोडणारं एन्झाइम भट्टीतही बराच वेळ काम करत राहतं. आंबटपणा त्याला आवर घालतो. आंबवलं नाही तर वरून खरपूस आणि आत लगदा, सुरीला गर चिकटतो. सुरगाणा-पेठकडे नागलीची भाकरी करणाऱ्यांना जाळं नसलेल्या पिठाची ही अडचण ठाऊक आहे. तिथला इलाज उकळत्या पाण्याचा: पिष्ट फुलतं, तेच गोळा धरून ठेवतं. जर्मन बेकरही उकळतं पाणी पिठावर ओततात आणि त्याला ‘ब्र्यूश्ट्युक’ म्हणतात. आपली उकडच ती.

याच्या उलट टोकाला ‘श्ट्रूडेलटाइग’. व्हिएन्नातली ही कणीक हाताच्या पाठींवर घेऊन इतकी ताणायची की खाली ठेवलेलं छापील अक्षर वाचता यावं. मालेगाव-सटाण्याकडे खापरावरचे मांडे करणाऱ्या बाया हेच करतात, तेही आत पुरण भरून, जे जास्त अवघड आहे. दोन्हीकडे फाटण्याची कारणं तीच: कणीक कमी तिंबली, किंवा तिंबल्यावर लगेच ताणली. मैदा, जवळपास 55 टक्के पाणी, चमचाभर तेल, दहा मिनिटं आपटून मळणं आणि वरून तेलाचा हात लावून किमान अर्धा तास झाकून ठेवणं. ताणताना कडा मागे ओढली जात असेल तर जोर लावायचा नाही, आणखी दहा मिनिटं झाकायची.