कॅरेबियन जेवणाचं सामान कुठून आणता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्याकडे पेलाव (कोंबडी घालून केलेला तिथला भात) किंवा कॅलालू (अळूची घोटलेली भाजी) केलं की जेवायला आलेलं माणूस हा प्रश्न विचारतंच: याचं सामान पुण्यात मिळतं तरी कुठे? आणि दोन घास झाले की पुढचं वाक्य येतं, ‘हे तर आपल्यासारखंच लागतंय की!’ प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: मंडईत. त्या वाक्याशी मात्र मी सहमत नाही, आणि का नाही ते सांगायचं तर थोडं विस्तारानं सांगावं लागेल.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं त्रिनिदाद या कॅरेबियन बेटावर, पोर्ट ऑफ स्पेनमध्ये राहिलो. आपल्याला हे गाव माहीत असतं ते क्रिकेटमुळे. १९७१ साली वाडेकरांच्या संघानं वेस्ट इंडिजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं ते तिथल्याच क्वीन्स पार्क ओव्हलवर, आणि गावसकरांच्या त्या पहिल्याच मालिकेतल्या ७७४ धावा आमच्या घरात वडिलांना तोंडपाठ होत्या. तिथल्या स्वयंपाकघरांबद्दल मात्र मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. ते शिकवलं शेजारच्या बाईंनी. सगळी आळी त्यांना ‘टँटी’ म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणू लागले.

आधी सामानाचं बघू. अळू, भेंडी, लाल भोपळा, नारळ, कांद्याची पात, आलं, चिंच, काबुली चणे आणि हिवाळ्यात तुरीच्या ओल्या शेंगा. त्रिनिदादच्या रविवारच्या जेवणाला लागणाऱ्या बहुतेक गोष्टी यात आल्या. तांदूळ उकडा घ्यायचा, पेलावला तोच लागतो. तिथे थाइम या बारीक पानांच्या सुवासिक वनस्पतीबरोबर एक जाड, लवदार पानाची वनस्पती वाटणात घालतात. तो चक्क आपला पानओवा, ज्याची आपण भजी करतो. शॅडो बेनी नावाची लांबट, कातरलेल्या कडांची पानं आपल्या बाजारात सहसा दिसत नाहीत. वास कोथिंबिरीचाच, पण फार तीव्र. ईशान्य भारतात ती सर्रास वापरतात. नाही मिळाली तर कोथिंबीर दुप्पट घ्यायची आणि देठांसकट वाटायची.

खरी अडचण मिरचीची. तिथली स्कॉच बॉनेट मिरची भयंकर तिखट असते, पण तिथले लोक ती वासासाठी घालतात. पिकलेल्या फळाचा असतो तसला वास. आपल्या लवंगीत तिखटपणा भरपूर, हा वास अजिबात नाही. मी बी मागवून गॅलरीत कुंडीत लावली आहे, ऊन मिळालं की छान धरते. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी हाबानेरो ही तिच्याच जवळची मिरची मिळते का बघावं. ही मिरची चिरायची नसते. अख्खी, देठासकट, शिजत्या पातेल्यात वर ठेवायची आणि ती फुटू न देता शेवटी काढून घ्यायची. म्हणजे वास उतरतो, आग उतरत नाही. टँटी पातेलं ढवळताना त्या मिरचीला चमच्याचा धक्कासुद्धा लागू देत नसत.

आता ‘आपल्यासारखंच’बद्दल. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशेच्या आसपास माणसं घेऊन त्रिनिदादला पोहोचलं. १८३८ मध्ये आफ्रिकी गुलाम पूर्णपणे मोकळे झाले होते आणि उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. पुढे १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार माणसं करारावर तिथे गेली. बहुतेक आजच्या पूर्व उत्तर प्रदेशातली आणि बिहारमधली, भोजपुरी बोलणारी. आपले मराठी लोक करारावर गेले ते मॉरिशसला. म्हणजे ‘आपलं’ म्हणायचंच तर तेही आधी भोजपुरी आहे. आणि ती माणसं जिथे उतरली तिथे आफ्रिकेतून आणलेल्या लोकांनी आपला स्वयंपाक कितीतरी आधीपासून उभा केला होता.

अळूचंच उदाहरण घ्या. त्रिनिदादमध्ये अळूच्या पानाचे दोन पदार्थ होतात. एक सहीना: पानांना डाळीच्या पिठाचं सारण लावून तळतात. तो भारतातून गेलेल्या बायकांचा, आणि खाताना अळूवडी आठवतेच. दुसरा कॅलालू, तो आफ्रिकी हातचा. अळू, भेंडी, भोपळा, कांदा, लसूण, थाइम, नारळाचं दूध, वर अख्खी मिरची, आणि जमलं तर खेकडा. सगळं एकत्र मंद आचेवर शिजवायचं आणि रवीनं घोटायचं. पाहुणे हेच खाऊन ‘अळूचं फदफदं’ म्हणतात. पण फदफद्यात चिंच, गूळ, शेंगदाणे, चणाडाळ, वरून फोडणी; कॅलालूत यातलं काही नाही. तिथे भेंडीचा बुळबुळीतपणा मोडत नाहीत, त्यानंच तर दाटपणा येतो. आंबट काहीच नसल्यामुळे अळू खाजरं नाही ना हे आधी बघावं, देठ सोलून घ्यावेत आणि निदान पाऊण तास तरी शिजू द्यावं. मोहरी-हिंगाची फोडणी घातलीत तर चांगलं फदफदं होईल, पण कॅलालू होणार नाही. ते भाताबरोबर, शेजारी मॅकरोनी पाय (चीज घालून भाजलेली मॅकरोनी) आणि तपकिरी रश्श्यातली कोंबडी, असं रविवारी दुपारी खातात. जमैकात गेलात तर कॅलालू म्हणून माठाच्या जातीची पालेभाजी पुढे येते, तो पदार्थच वेगळा.

घरी पहिल्यांदा करून बघायचा असेल तर मी पेलावच सांगते, तोही डिसेंबर-जानेवारीत, तुरीच्या शेंगा आल्या की. तूर मूळची आपल्याकडची. ती आफ्रिकेत गेली आणि तिथून गुलामांच्या व्यापाराच्या वाटेनं कॅरेबियन बेटांवर पोहोचली. १८४५ च्या जहाजाच्या कितीतरी आधी ती तिथे होती. जमैकात नाताळच्या भातात तिचेच ओले दाणे घालतात.

किलोभर कोंबडीला लिंबू चोळून धुवावं. पात, लसूण, पानओवा, थाइम, भरपूर कोथिंबीर यांचं वाटण आणि मीठ लावून रात्रभर ठेवावं. मग जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तेल आणि तीन चमचे साखर घालायची. इथे पातेल्यापासून हलायचं नाही. साखर वितळते, सोनेरी होते, तपकिरी होते, मग फेसाळते आणि फेस काळपट व्हायला लागतो. त्याच क्षणी कोंबडी आत. आधी घातली तर गोड लागेल, उशीर झाला तर कडू. नीट जमलं तर गोडवा उरत नाही. उरतो तो गडद रंग आणि खमंगपणा, जो आपल्या कुठल्याच मसाल्यानं येत नाही. ज्या साखरेसाठी आधी आफ्रिकेतून आणि मग भारतातून माणसं त्या बेटांवर नेली, तीच जाळून हा स्वयंपाक सुरू होतो. पातेल्यावर उभी असताना दर वेळी हा विचार माझ्या मनात येतो आणि तो बाजूला सारावासा वाटत नाही.

कोंबडी परतून झाली की वाटीभर तुरीचे दाणे, भोपळ्याच्या फोडी, दोन वाट्या उकडा तांदूळ, नारळाचं दूध आणि पाणी मिळून पाच वाट्या, वर मिरची. झाकण ठेवून मंद आचेवर. गरम मसाला नको, कढीपत्ता नको. तळाला लागून खरपूस झालेला थर खरवडून वाढा. तिथे त्याला ‘बन-बन’ म्हणतात आणि मुलं त्यासाठी भांडतात.

कोकणात ज्यांचं घर आहे त्यांना आणखी एक सांगते. परसातला नीरफणस हे सेंट व्हिन्सेंट बेटाचं मोठं अन्न आहे. गुलामांना पोसायला स्वस्त अन्न हवं म्हणून ब्रिटिश आरमाराच्या कॅप्टन ब्लायनं १७९३ मध्ये त्याची रोपं पॅसिफिक महासागरातल्या ताहिती बेटाहून तिथे आणि जमैकात पोहोचवली. आपण काप करतो. तिथे अख्खा नीरफणस निखाऱ्यावर साल काळी होईपर्यंत भाजतात, सोलतात आणि तळलेल्या माशाबरोबर खातात. चुलीवर एकदा करून बघा, मीठ आणि लोणी लावून नुसताही सुंदर लागतो.

नाताळात तिथे घराघरात सोरेल नावाचं सरबत असतं, ते तर विदर्भातल्या बायका माझ्याहून चांगलं करतील. लाल अंबाडीची बोंडं घ्यायची, आतलं बी काढायचं. पाण्यात ठेचलेलं भरपूर आलं, थोड्या लवंगा आणि संत्र्याची साल घालून उकळायचं, आच बंद करून बोंडं त्यात टाकायची आणि रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी गाळून साखर घालायची. मोठ्यांच्या पेल्यात तिथे रमही पडते, आमच्याकडे पडत नाही. आलं मात्र कमी करू नका, घशाला जाणवलं पाहिजे.