फुकट तिकीट आणि रिकाम्या पायऱ्या

एमएससाठी अमेरिकेत आलो तेव्हा फीचा थोडा तरी भार हलका व्हावा म्हणून कॅम्पसवर मिळेल ते काम शोधत होतो. एफ-१ व्हिसावर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तास, तेही कॅम्पसवरच, एवढीच मुभा. मेसमध्ये भांडी विसळायची तयारी ठेवली होती. मिळालं ते क्रीडा विभागाच्या मार्केटिंगमध्ये, ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून. मुलाखतीत ‘मी कोल्हापूरचा, आमच्याकडं फुटबॉलला शाहू स्टेडियम गच्च भरतं’ असं सांगून टाकलं. यांचं फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूचा वेगळाच खेळ. तो मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हता, पण ते कुणी विचारलंच नाही.

काम सांगायला सोपं होतं. विद्यार्थ्यांना मॅचला आणायचं आणि आल्यावर टिकवायचं.

आमचं विद्यापीठ मिड-अमेरिकन कॉन्फरन्समधलं, म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या एका गटातलं. ओहायो-मिशिगनच्या पट्ट्यात मोठ्या नावांच्या सावलीत खेळणारे जे संघ आहेत, त्यातला एक. तासा-दोन तासांच्या अंतरावर एक लाखाच्या वर माणसं बसणारी स्टेडियमं आणि आमच्याकडं त्याच्या पावपटही जागा नाही. आहे तीही भरत नाही. तिकीट फुकट आहे म्हणावं तर तेही खरं नाही. दर सेमिस्टरच्या फीमध्ये क्रीडा विभागाचा वाटा आधीच कापलेला असतो, म्हणून आयडी दाखवून आत जाता येतं. पण खिशातून त्या दिवशी काही गेलेलं नसलं की पाऊस आला, झोप आली, एवढं कारणही घरी थांबायला पुरतं.

मोठ्यांकडं सगळं आलबेल आहे असंही नाही. अलाबामासारख्या सतत जिंकणाऱ्या संघाची मुलंसुद्धा सामना हातात आला की उठून जायची. तेव्हाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी त्यावर जाहीरपणे तोंडसुख घेतलं होतं. २०१९ मध्ये तिथं एक अ‍ॅप आलं. मॅचला आल्याचे १०० पॉइंट, चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरपर्यंत थांबल्याचे आणखी २५०, आणि कोण थांबलं ते मोबाइलच्या लोकेशनवरून कळणार. आमच्या मॅनेजरबाईंना तसंच काहीतरी हवं होतं. मी म्हटलं, तिथं त्या पॉइंटांवर मोठ्या सामन्यांच्या तिकिटांसाठी नंबर वर सरकतो, म्हणून त्यांना किंमत आहे. आपण पॉइंटांच्या बदल्यात काय देणार? आणखी एक टी-शर्ट? मॅडम हसल्या, पण अ‍ॅपचा विषय मागं पडला.

मग आधी बघायचं ठरवलं की मुलं नेमकी येतात कधी आणि जातात कधी. येण्याची वेळ गेटवरच्या स्कॅनरमध्ये होती. ती एक्सेलमध्ये ओतली. जाण्याची नोंद कुठंच नसते, कारण बाहेर पडताना कोणी स्कॅन करत नाही. त्यासाठी प्रेस बॉक्समधून दर क्वार्टरला स्टुडंट सेक्शनचा एकाच कोनातून फोटो काढायला लागलो. रात्री वसतिगृहावर बसून रिकाम्या पायऱ्या मोजायच्या. नागपूरचा रूममेट म्हणायचा, ‘काय बे, यासाठी एमएस करायला आलास?’

फोटोंनी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे हाफटाइमला गळती लागते हे सगळ्यांना वाटत होतं, पण आमच्याकडं ती त्याआधीच, दुसऱ्या क्वार्टरमधल्या टीव्हीच्या ब्रेकमध्ये सुरू व्हायची. खेळ १५ मिनिटांच्या चार क्वार्टरांचा, म्हणजे तासाभराचा, पण प्रत्यक्षात साडेतीन तास लांबतो. जाहिराती चालू असल्या की टीव्हीतर्फे लाल टोपी घातलेला एक माणूस मैदानाच्या कडेला येऊन उभा राहतो. तो हलत नाही तोवर खेळ सुरू होत नाही. घरी बसलेल्याला जाहिराती तरी दिसतात, स्टेडियममधल्यानं त्या लाल टोपीकडं बघत बसायचं. दुसरी गोष्ट मला महत्त्वाची वाटली. जाणारे एकेकटे किंवा दोघं-तिघं असायचे. दहा-बाराचा घोळका सहसा हलत नव्हता.

हे बघून मला आमचं गाव आठवलं. कोल्हापुरात मॅचला कोणी ‘प्रेक्षक’ म्हणून जात नाही, आपल्या तालमीबरोबर, म्हणजे गल्लीतल्या मंडळाबरोबर जातो. प्रत्येक तालमीचा आपला फुटबॉल संघ असतो. पाटाकडील तालमीचा असो नाहीतर शिवाजी मंडळाचा, कुठं बसायचं हे ठरलेलं, शेजारी गल्लीतलीच पोरं, आणि मध्येच उठून गेलास तर दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर उद्धार. इथली आमची सगळी जाहिरात मात्र एकेकट्या विद्यार्थ्याला उद्देशून होती. ईमेल, पोस्टर, पहिल्या हजार जणांना टी-शर्ट. टी-शर्टवाला गेटपर्यंत येतो, टी-शर्ट घेतो आणि पार्किंगमधल्या टेलगेटला परत जातो. तिथं गाडीच्या डिकीमागं शेगडी पेटलेली असते, बर्गर असतात, मित्र असतात. त्याचं चुकतंय असं मला आजही वाटत नाही.

म्हणून तालीम शोधायला लागलो. ती सापडली डॉर्ममध्ये. पहिल्या वर्षाची मुलं वसतिगृहात मजल्यामजल्यानं राहतात आणि प्रत्येक मजल्यावर एक आरए, म्हणजे सीनियर विद्यार्थी, त्यांची देखभाल करतो. ऑगस्टमध्ये सेमिस्टर सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यांत ही पोरं सैरभैर असतात, कोणीतरी ‘चला’ म्हणायचीच वाट बघत असतात. आम्ही आरएंना मजल्याच्या नावावर सलग जागा राखून दिल्या आणि पोरांना खाली आणायचं काम त्यांच्यावर सोपवलं. आणखी एक कल्पना सरळ उचलली. टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठात १९७० पासून पहिल्या वर्षाची मुलं किकऑफआधी, म्हणजे सामना सुरू व्हायच्या आधी, मैदानावरून धावत जातात. आपल्या पहिल्या होम मॅचला तेच करू म्हटल्यावर मैदान सांभाळणारे म्हणाले टर्फ खराब होईल, विमावाले म्हणाले कोणी पडलं तर, सिक्युरिटीवाले म्हणाले इतक्यांना आवरणार कोण. ईमेलांची ही साखळी उन्हाळाभर चालली. शेवटी फक्त गोलपोस्टच्या बाजूनं आत यायचं, रांगेनं सरळ स्टुडंट सेक्शनमध्ये चढायचं, आणि पायात साधे बूट, या अटींवर परवानगी मिळाली. यात आमचा फायदा असा झाला की धावत आलेली सगळी मुलं किकऑफच्या वेळी आपोआप जागेवर होती, तीही बँडला खेटून.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी ठरलं ते बॅगांचं. स्टेडियममध्ये पारदर्शक पिशवीच चालते. लायब्ररीतून किंवा लॅबमधून सरळ आलेल्या मुलाच्या पाठीवर सॅक असते. गेटवर त्याला परत पाठवतात, आणि परत गेलेला पुन्हा येत नाही. मी गेटजवळ उभं राहून अशी वळलेली पाठ कितीदा तरी बघितली. एक तंबू, टेबलं, नंबरांचे बिल्ले आणि दोन स्वयंसेवक, एवढ्यावर हा प्रश्न सुटला. यासाठी एवढ्या मीटिंगा का लागाव्यात हे मला कळलेलं नाही.

आपली मुलं, म्हणजे भारतीय एमएसवाली, हा वेगळाच प्रकार. ‘नियमच कळत नाहीत, थंडीत बसून करायचं काय’ हा त्यांचा सवाल होता. त्यांच्यासाठी एका संध्याकाळी वर्ग घेतला. चार प्रयत्नांत दहा यार्ड, गेले तर पुन्हा चार, नाही गेले तर चेंडू समोरच्याला. बाकीचं हळूहळू कळतं. पण वर्गात जान आली ती आवाजाचं सांगितल्यावर. समोरच्या संघाचा तिसरा प्रयत्न, म्हणजे थर्ड डाउन असताना आरडाओरडा करायचा, कारण त्यांच्या क्वार्टरबॅकची, म्हणजे चाल सुरू करणाऱ्या खेळाडूची हाळी त्याच्याच खेळाडूंना ऐकू गेली नाही की कोणीतरी आधी हलतो आणि पाच यार्डांचा दंड बसतो. आपल्याकडं चेंडू असेल तेव्हा मात्र चिडीचूप. ‘म्हणजे आपण ओरडून पाच यार्ड मिळवू शकतो?’ पुण्याच्या एका मुलीनं विचारलं. पुढच्या मॅचला ती पहिल्या ओळीत होती, आणि एकदा खरंच दंड बसला तेव्हा तिचा आनंद टचडाउनपेक्षा मोठा होता.

खरी कसोटी नोव्हेंबरची. आमच्या कॉन्फरन्सचे सामने तेव्हा शनिवार सोडून मंगळवार-बुधवारी रात्री होतात, कारण आठवड्याच्या मधल्या रात्री टीव्हीवर दुसरं कॉलेज फुटबॉल फारसं नसतं. पारा शून्याच्या खाली, दुसऱ्या दिवशी सकाळी लेक्चर, आणि किकऑफची वेळ नेमकी जेवणाची. मेसचे पैसे आधीच भरलेले असल्यानं मुलं मेस सोडून स्टेडियममध्ये हॉट डॉग विकत घेणार नाहीत हे उघड होतं. मेसच्या ठेकेदाराशी बरीच घासाघीस करून त्या रात्रीपुरता मेसच्या कार्डावरचा जेवणाचा स्वाइप स्टेडियममध्ये चालवून घेतला. सूप, सँडविच, गरम चॉकलेट. स्टुडंट सेक्शन भरलं नाही, पण टीव्हीच्या कॅमेऱ्याला नुसती अ‍ॅल्युमिनियमची बाकडीही दिसली नाहीत. मॅडमचा त्या रात्रीचा मेसेज फक्त अंगठ्याचा होता.

संघ त्या मोसमात हरला जास्त. ३० पॉइंटांनी मागं पडल्यावर तालीम असो की मजला, कोणी थांबत नव्हतं, आणि त्यावर माझ्याकडं उपाय नव्हता. पुढच्या वर्षाच्या बजेटात बॅगांचा तंबू कायमचा झाला, मजल्यांच्या जागा वाढल्या, जेवणाचा स्वाइप मंगळवार-बुधवारपुरता मान्य झाला. टी-शर्टांचा आकडा मात्र तसाच राहिला. त्यावर प्रायोजकाचा लोगो असतो आणि पैसे तोच देतो.