गालिच्याला गाणं नसतं

दुपारी भाची जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती आणि शेजारी मोबाईलवर डिस्नेच्या 'फ्रोझन २' या कार्टून सिनेमाची गाणी चालू होती. एल्साचं गाणं लागलं की रंगाचा खडू हवेत, डोळे मिटलेले, आणि सुरात नसलं तरी संपूर्ण जीव ओतून गाणं चालू. मग गिटार वाजली, क्रिस्टॉफचं गाणं आलं, आणि मान वर न करता तिने एका बोटाने पुढचं लावलं.

"अगं, असू दे ना ते."

"मावशी, ते बोअर आहे. तो नुसता रडत बसतो."

आता एवढ्याशा पोरीशी काय वाद घालायचा, पण मी घातला. कारण तो क्रिस्टॉफ माझा माणूस आहे. पहिल्या सिनेमात त्या बिचाऱ्याला रेनडिअरबरोबर म्हणायला मिनिटभराचंसुद्धा नाही एवढं एक गाणं दिलं होतं, आणि आवाज कोणाचा तर जोनाथन ग्रॉफचा, म्हणजे ब्रॉडवेच्या म्युझिकल्समधून आलेला माणूस! घरी गवई आणून त्याला फक्त घंटी वाजवायला सांगावं तसं. तेव्हापासून फॅन्स कुरकुरत होते की ग्रॉफला धड एक गाणं नाही दिलं, आणि सहा वर्षांनी, २०१९ मध्ये, ते मिळालं. 'लॉस्ट इन द वूड्स'. ऐंशीच्या दशकातल्या रॉक बॅलड्सची अशी काही नक्कल की बास. तो झाडाला टेकून दूर कुठेतरी बघतोय, कॅमेरा हळूहळू जवळ येतोय, आणि मागे अंधारातून एकेक रेनडिअरचं तोंड वर येतं आणि ते कोरस देतात, अगदी गंभीर चेहऱ्यानं. थिएटरमध्ये आईबापांच्या रांगा हसत होत्या आणि मुलं त्यांच्याकडे वळून बघत होती, की झालं काय यांना.

बरं, तो रडतो हे खरंच आहे. पण ज्या सिनेमात एल्सासारखी बर्फाचा राजवाडा उभा करणारी बाई आहे तिथे एक साधा बर्फ विकणारा माणूस 'मला एकट्याला सोडून ती पुढे गेली' म्हणून रडतो, याचं मला फार कौतुक वाटतं.

एल्साच्या गाण्यांचं दुसऱ्या भागात काय झालं ते सगळ्यांना माहितीये. पहिल्या भागातल्या 'लेट इट गो'नंतर काहीही आणा, लोक म्हणणार पहिल्यासारखं नाही. म्हणणारच. ज्या मुलीने पाचव्या वर्षी टॉवेल खांद्यावरून मागे भिरकावत ते गाणं म्हटलं ती दुसरा भाग आला तेव्हा अकरा वर्षांची होती, निळा ड्रेस कधीच तोकडा झालेला, आणि आता तिला तसंच पुन्हा व्हायला हवंय. हे कुठलं गाणं करणार? क्रिस्टन अँडरसन-लोपेझ आणि रॉबर्ट लोपेझ या जोडीनेच दोन्ही भागांची गाणी लिहिली, एल्साचा आवाज देणारी इडिना मेंझेल तीच, वरचा सूर तोच किंवा त्याहून वर, तरी 'इनटू द अननोन' पहिल्यांदा ऐकताना लोक गाणं ऐकतच नव्हते, मनातल्या मनात जुनं शेजारी लावून मापं काढत होते. आणि जुनं शेकडो वेळा ऐकलेलं, नवं एकदा. कसली बरोबरी!

त्यातही फॅन लोकांची कमाल बघा. त्या गाण्यात एल्साला लांबून जी हाक येते, चार सुरांची, ती नॉर्वेच्या ऑरोराने गायलीये, तर लोकांनी ते चार सूर पकडून बरोबर ओळखलं की हे मृतांसाठी म्हणतात त्या जुन्या लॅटिन स्तोत्रासारखे आहेत. मग वाद, की म्हणजे एल्सा मरणार का, हाक मारणारं जिवंत आहे का. दुसरा गट 'शो युअरसेल्फ'वाला. त्यांचं म्हणणं खरं गाणं हेच, ऑस्करला हेच पाठवायला हवं होतं, 'इनटू द अननोन' उगीच पुढे केलं. त्यांनी वेणीचा पण हिशोब ठेवलाय. पहिल्या सिनेमात आंबाडा सुटून वेणी झाली, दुसऱ्यात वेणी सुटून केस पूर्ण मोकळे, मग आता तिसऱ्या भागात काय करणार. मी हसते, पण मलाही आठवतंय ना की केस मोकळे होतात तेव्हा बर्फाच्या भिंतीवर आईचा चेहरा दिसतो आणि लहानपणची अंगाई गाणारा तिचाच आवाज एल्साच्या आवाजात येऊन मिसळतो. तिथे मापं काढणारे पण गप्प होतात.

पण माझी एक थिअरी आहे, आणि ती मी कोणी विचारत नसतानाही सांगते. दुसऱ्या भागात हिरोचं गाणं कायम पहिल्या भागातल्या स्वतःच्याच गाण्याशी भांडत असतं, आणि बहुतेक हरतं. जिंकतं ते बाजूला उभ्या असलेल्याचं गाणं, किंवा अगदीच नव्या आलेल्याचं. त्याला कशाशी भांडायचंच नसतं.

ही थिअरी माझ्या चुलतबहिणीला सांगितली तर ती म्हणाली, "तू गालिचा होतीस ना, म्हणून तुला असं वाटतं."

ते खरंय. लहानपणी सुट्टीत आम्ही सगळी भावंडं जमलो की 'अलादीन' खेळायचो. दादा सगळ्यांत मोठा म्हणून तो अलादीन, ताई जस्मिन (याबद्दल चर्चा झालीच नाही, तिने जाहीर केलं), व्हिलन जाफर म्हणजे त्या दिवशी ज्याने मार खाल्ला असेल तो, सगळ्यांत धाकट्याला जाफरचा पोपट केलेलं, आणि मी उरले. तर मला जादूचा गालिचा केलं. गालिच्याला डायलॉग नसतो. पोटावर झोपायचं, पाठीवर चादर, चादरीच्या कोपऱ्यांना ताईने लोकरीचे गोंडे बांधलेले, आणि वरती हे दोघं बसून हात पसरून ड्युएट म्हणणार. जगातलं एवढं प्रसिद्ध ड्युएट, अख्खं माझ्या पाठीवर! मी खालून गोंडे हलवायचे. सिनेमात तो गालिचा खरंच गोंड्यांनी सगळं बोलतो, लाजतो, चिडतो, टाळी देतो, म्हणून मीही मन लावून हलवायचे, पण बघायला कोण होतं, चादरीखाली.

मग कुठून तरी दुसऱ्या भागाची कॅसेट आली. 'द रिटर्न ऑफ जाफर', १९९४चा, थिएटरला न लागता थेट व्हिडिओवर आलेला. जिनी बोलायला लागला आणि धाकटा दुसऱ्याच वाक्याला म्हणाला, "हा तो नाहीये." मोठे म्हणाले गप रे, तोच आहे, निळा दिसतोय ना. पण तो बरोबर होता. पहिल्या भागात जिनीचा आवाज देणारा रॉबिन विल्यम्स आणि डिस्ने यांचं बिनसलं होतं, आवाज डॅन कॅस्टेलनेटाचा होता, विल्यम्स परत आला तो थेट तिसऱ्या भागात, १९९६ला. हे मला फार वर्षांनी कळलं. मुलांना कान असतात, कारणं माहीत नसतात एवढंच.

पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की त्या भागात पोपटाला चक्क मोठं काम होतं. जाफरला सोडून तो अलादीनकडे येतो, आणि त्याला स्वतःचं गाणं पण आहे, आपण बाबा आपलंच बघावं अशा अर्थाचं, त्या फाटक्या आवाजात! झालं. आमचा पोपट दुसऱ्या दिवसापासून ऐकेना. कॉटवर उभा राहून पूर्ण गाणं म्हणणार, मध्ये बोलायचं नाही, दादाने खाली उभं राहून ऐकायचं. आणि गंमत म्हणजे दादाने ऐकलं. मला मात्र दुसऱ्या भागातही काही आलं नाही. गालिच्याचं कोण लिहितं.

तेव्हापासून मी कुठलाही दुसरा भाग बघताना हेच बघते की या वेळी कोणाला गाणं मिळालं. 'टॉय स्टोरी २' घ्या, १९९९. वुडी आणि बझ जुने, जेसी नवी. तोपर्यंत ती नुसती आरडाओरडा करणारी काऊगर्ल, आणि मग ती खिडकीत बसून आपल्या एमिलीबद्दल सांगते आणि पुढची दोन-तीन मिनिटं एक संवाद नाही, फक्त गाणं. रँडी न्यूमनचं लिहिलेलं, सारा मॅक्लाक्लनने गायलेलं. एमिली मोठी होते, जेसी घरंगळत पलंगाखाली जाते, वर नेलपॉलिशच्या बाटल्या, फोन, मैत्रिणी. वर्षांनी एकदा पलंगाखाली हात येतो आणि तिला बाहेर काढतो, आणि तो चेहरा बघा तुम्ही तिचा, तिला वाटतं परत खेळायला नेतायत. गाडीतून जाताना ती हसतेय. आणि गाडी थांबते ती रस्त्याकडेला, दानाच्या खोक्यापाशी. मी हे थिएटरमध्ये नाही, घरी बघितलं आणि उठून उगीच पाणी प्यायला गेले. ज्या सिनेमाची सुरुवात थेट व्हिडिओवर आणायचा म्हणून झाली होती त्यात हे गाणं आहे!

'श्रेक २' (२००४) मध्ये तर फेअरी गॉडमदरने सगळं मैदानच मारलं. लाल गाऊन घालून ती पियानोवर पसरलीये, गातेय जेनिफर साँडर्स, गाणं मुळात बॉनी टायलरचं म्हणजे नवं पण नाही, आणि तिकडे श्रेक महाकाय जिंजरब्रेड माणसाला घेऊन किल्ल्यावर चालून येतोय. हिरो पळतोय, गाणं व्हिलनचं. आजही लोक त्या सिनेमाचं नाव काढलं की आधी हेच सांगतात.

'मोआना २' आला २०२४मध्ये तेव्हा मी थिअरी घेऊनच बसले होते. पहिल्याची गाणी लिन-मॅन्युएल मिरांडाची छाप असलेली, दुसऱ्याला तो नाही, त्याच्या जागी अबिगेल बार्लो आणि एमिली बेअर या दोघी. फॅन्सनी गाणी ऐकण्याआधीच बाजू घेतल्या. मोआनाचा सोबती माउई, त्याला पुन्हा तसंच मजेशीर गाणं दिलं आणि ते बिचारं जुन्या माउईच्या पायाखाली गेलं. मोआनाला पुन्हा समुद्राकडे बघत म्हणायचं गाणं दिलं, त्याचं तेच झालं. आणि वटवाघळं घेऊन फिरणारी ती नवी मतांगी, सिनेमात येते किती वेळ तर एवढासा, पण तिचं गाणं बऱ्याच जणांना सगळ्यांत आवडलं. मी त्या दिवशी बहिणीला तीन उद्गारचिन्हं टाकून मेसेज केला. तिने फक्त गालिच्याचा फोटो पाठवला.

'हॅपी'चं काय, असं कोणीतरी म्हणेलच. 'डेस्पिकेबल मी २', २०१३, फॅरेल विल्यम्सचं गाणं, दुसऱ्या भागातलं, हिरोसाठीच, आणि जग नाचलं. पण ग्रू ते गात नाही, तो नुसता प्रेमात पडून रस्त्याने उड्या मारत जातो, म्हणून ते माझ्या नियमात बसत नाही आणि मोडतही नाही असं मी ठरवलंय. आणि मजा म्हणजे ऑस्करला त्या वर्षी ते हरलं कोणाला, तर 'लेट इट गो'ला. आता कित्येकांना विचारलं तर ते सिनेमातलं गाणं आहे हेच माहीत नसतं.

एक अडचण मात्र आहे, 'फ्रोझन'मधली एल्साची बहीण अ‍ॅना. तिला कुठे बसवायचं मला कळत नाही. पहिल्या सिनेमाची खरी नायिका तीच, धावपळ तिची, थंडीत गोठणं तिचं, पण ड्रेस विकले गेले एल्साचे. दुसऱ्या भागात शेवटी ती राणी होते आणि एल्सा जंगलात राहते, त्यावरून पण फॅन्समध्ये केवढी भांडणं. दार उघड दार उघड म्हणत अख्खा पहिला सिनेमा काढला आणि आता दोघी वेगळ्या गावाला? मलाही ते पटलं नव्हतं, अजूनही पूर्ण पटलेलं नाही.

पण तिचं ते गुहेतलं गाणं, 'द नेक्स्ट राइट थिंग'. ओलाफ, तो बर्फाचा माणूस, तिच्या कुशीत भुरभुर होऊन उडून गेलाय, बहीण पण गेली असं तिला कळलंय. ती गायला सुरुवात करते तेव्हा ते गाणं वाटतच नाही, श्वास अडकत अडकत बोलल्यासारखं. जमिनीवरून उठायलाच अर्धं कडवं जातं. मग एक पाऊल, मग खडकाला हात, मग पुढचं पाऊल. पहिला सिनेमा लागायच्या थोडे दिवस आधी त्याच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक, ख्रिस बक, यांचा तरुण मुलगा अपघातात गेला होता. हे मला माहीत नव्हतं तेव्हाही ते गाणं मला मुलांच्या सिनेमातलं वाटलं नव्हतं. क्रिस्टन बेलने ते म्हणताना कुठेही आवाज चमकवला नाहीये. टाळी पडेल अशी एक जागा नाही त्यात, म्हणून समारंभात, स्पर्धेत कोणी फारसं घेत नाही. आता ही हिरो की बाजूची? पहिल्या गाण्याशी भांडते का? नाही भांडत. थिअरी इथे लागू होते की नाही ते मी बघायचं सोडून दिलंय. ज्यांच्या घरात असं काही झालंय त्यांना हे गाणं बरोबर माहीत असतं, आणि ते त्यावर वाद घालत नाहीत.