मला प्रार्थना करता येऊ लागली

ख्रिस्ती घरात जन्म झाला, रविवारच्या शब्बाथ शाळेत येशूनं शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’ पाठ झाली, जेवणाआधी डोळे मिटायची सवय लागली, म्हणजे प्रार्थना करता येते असं नाही. लग्न होऊन मी नेवासे तालुक्यातल्या गावाहून नगरला आले, नर्सिंगची नोकरी धरली, मुलं झाली, तरी एकटीनं बसून देवाशी बोलायचं म्हटलं की जीभ जड व्हायची. सुरुवात ठरलेली असायची. ‘हे दयाळू, कृपाळू स्वर्गीय पित्या, तुझ्या पवित्र चरणी येत आहे...’ आणि त्यापुढे काही सुचायचं नाही. ही वाक्यं आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या तोंडची. त्यांना ती शोभायची, त्यांच्यामागे आयुष्यभराची सेवा होती. मी तीच म्हणू लागले की दुसऱ्याच्या अर्जाची नक्कल वाचल्यासारखं व्हायचं.

महिला मंडळात त्याहून अवघड. आमच्याकडे आळीपाळीनं घरोघरी प्रार्थना असते. सतरंजीवर गोल बसायचं, एक गीत, एक वचन, मग एकेकीनं प्रार्थना करायची. माझी पाळी जवळ येऊ लागली की शेजारची काय बोलतेय ते मला ऐकूच यायचं नाही.

त्या मंडळात एक मावशी होत्या. शिक्षण फारसं नाही, भाजी विकून घर चालवलेलं. त्यांची प्रार्थना अशी असायची: ‘प्रभू, सूनबाईचं बीपी वाढलंय, सातवा महिना चालूय, डॉक्टर काळजी करायला लागलेत. तिला आन् बाळाला सांभाळ. येशूच्या नावानं मागते, आमेन.’ संपलं. माझी अडचण त्यांच्या लक्षात आली असावी. एकदा परत जाताना म्हणाल्या, ‘अगं, देवापुढं काय भाषण करायचंय का? घरात बोलतीस तसं बोल. आन् शब्द नाही सुचले तर स्तोत्रसंहिता उघड. तिथले घे.’

स्तोत्रसंहिता म्हणजे पवित्र शास्त्रातलं, बायबलमधलं, प्रार्थनागीतांचं पुस्तक. त्यातली मला येणारी स्तोत्रं म्हणजे २३, १०३ आणि १२१. मावशींनी पहिल्यापासून क्रमानं वाचायला सांगितलं. त्या सुरुवातीच्या पानांनीच मला हलवलं. ३ऱ्या स्तोत्रात आपल्या वैऱ्यांबद्दलचं गाऱ्हाणं. ६व्यात रात्रभर रडून अंथरूण भिजवलेला माणूस. १३वं तर सहाच वचनांचं, आणि त्यात पुन्हा पुन्हा एकच प्रश्न: परमेश्वरा, कोठवर? तू मला कायमचं विसरणार का? असं देवाला तोंडावर विचारणारं बोलणं पवित्र शास्त्रातच आहे, आणि लोक ते उपासनेत गात आले आहेत. मग माझ्या स्वयंपाकघरातली तक्रार त्याला का खपणार नाही?

तेव्हापासून मी एक पद्धत धरली. एक वचन मोठ्यानं वाचायचं आणि लगेच त्याखाली माझं एक वाक्य म्हणायचं. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ असं वाचलं की पुढे, ‘प्रभू, या महिन्याची फी भरायची आहे, तू बघतोस ना?’ असं. सुरुवातीला माझा आवाज मलाच परका वाटायचा, म्हणून घरात कुणी नसताना करायचे. हळूहळू वचनाची बाजू लहान आणि माझी बाजू मोठी होत गेली.

मधे एक शंका फार दिवस अडली होती. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ६व्या अध्यायात प्रभू येशू सांगतो की तुम्ही मागण्यापूर्वीच तुमच्या पित्याला तुमची गरज ठाऊक आहे. मग सांगायचं तरी कशाला? याचं उत्तर मला मार्काच्या १०व्या अध्यायात मिळालं. यरीहोच्या वाटेवर बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी ओरडतोय, लोक त्याला गप्प करतायत, येशू थांबतो आणि त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं असं तुला वाटतं? समोर आंधळा माणूस उभा आहे, त्याला काय हवंय ते लहान मूलही सांगेल. तरी येशूला ते त्याच्याच तोंडून ऐकायचंय. त्या माणसाचं ऐकून घेण्यात येशूला रस आहे. हे कळल्यावर मी गोल गोल बोलणं सोडलं. ‘सर्व आजाऱ्यांना बरं कर’ याऐवजी एकेकाचं नाव घेऊ लागले. जुन्या डायरीत नावं लिहून ठेवते, पुढे थोडक्यात कारण: गुडघा, दहावी, दारू, घटस्फोटाची तारीख.

भाषेचा संकोच मात्र पंडिता रमाबाईंमुळे गेला. संस्कृत पांडित्यासाठी कलकत्त्याच्या पंडितांनी ज्यांचा गौरव केला, त्या बाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची शेवटची वर्षं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर करण्यात घालवली, आणि मुद्दाम साधी मराठी वापरली, कमी शिकलेल्या बायकांना कळावी म्हणून. काम पुरं करून १९२२ साली त्या गेल्या. ज्यांना जड भाषा सहज येत होती त्यांनी ती बाजूला ठेवली. मग मी ती ओढूनताणून कशाला आणू? आमच्या नगरात राहून रेव्हरंड ना. वा. टिळकांनी लिहिलेली पदंही अशीच, अभंगाच्या चालीची, ओव्या म्हणणाऱ्या बाईच्या ओठावर बसणारी. पोळ्या लाटताना मी ती गुणगुणते आणि त्यांनाही प्रार्थनाच मानते.

रात्रपाळीत निवांत बसून प्रार्थना होत नाही. तिथे मला पवित्र शास्त्रातला नहेम्या, राजाला प्याला देणारा सेवक, उपयोगी पडला. राजानं त्याला विचारलं, तुला काय पाहिजे? आणि उत्तर देण्यापूर्वी त्यानं स्वर्गातल्या देवाची प्रार्थना केली. राजासमोर उभा असताना त्याला कितीसा वेळ मिळाला असेल? मी तेवढाच घेते. पहाटे तीनच्या सुमाराला सलाईन बदलताना, म्हाताऱ्या माणसाची शीर सापडत नसते, हात सुजलेला असतो, ते काही न बोलता छताकडे बघत असतात. मी त्यांचा हात धरून मनात म्हणते, ‘प्रभू, एका टोचण्यात होऊ दे, आणि यांना झोप दे.’ ओठही हलत नाहीत. शमुवेलाची आई हन्ना हिचे निदान ओठ तरी हलत होते, आवाज मात्र नव्हता. एली याजकाला ती प्यायलेली वाटली, पण देवानं ऐकलं.

सगळं मागितलेलं मिळालं असं मी म्हणणार नाही. माझा धाकटा भाऊ डायलिसिसवर होता. त्याच्यासाठी चर्चच्या मंडळीनं आळीपाळीनं अखंड साखळी प्रार्थना केली, आम्ही उपवास केले, आणि तो गेला. त्यानंतर बरेच दिवस मी फक्त ८८वं स्तोत्र वाचत होते. ते स्तोत्र शेवटपर्यंत उजेडात येत नाही, अंधारातच संपतं, आणि तरी ते प्रार्थना म्हणूनच जपलं गेलंय. माझ्याकडे तेव्हा नवं काही बोलायला नव्हतं. रोज तेच. मग मत्तय २६ वाचताना लक्षात आलं, वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत, हा दुःखाचा प्याला टळो म्हणून, येशूनं तिसऱ्यांदा जाऊन पुन्हा तेच शब्द उच्चारून प्रार्थना केली. त्याचा प्याला टळला नाही. माझी प्रार्थना तीच तीच आहे म्हणून ती कमी, हा विचार त्या दिवशी माझ्यातून निघून गेला. भाऊ का गेला याचं उत्तर अजून नाही. ते मी आजही विचारते, त्याच खोलीत, त्याच पित्याला.

आता मंडळात माझी पाळी आली की घाबरायला होत नाही. प्रार्थना लहानच असते. मन भरकटणं पूर्ण थांबलेलं नाही. भरकटून ज्या माणसापाशी जातं त्याचंच नाव घेऊन टाकते. उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानणं, मात्र मला अजून जड जाते, मागणी पटकन येते. त्यासाठी झोपण्याआधी दिवसभरातलं एक तरी नेमकं काही सांगायचं असं ठरवलंय. आज वेळेवर मिळालेली बस, कुणा पेशंटचा उतरलेला ताप.

अलीकडे मंडळात एक नवी सून येते. तिची पाळी आली की ती मान खाली घालून प्रभूची प्रार्थना म्हणते. तिच्या नवऱ्याचं एमआयडीसीतलं काम सुटलंय, घरात रोज वाद. तिनं विचारलं, ‘ताई, कुठून सुरू करू?’ मी तिला १३वं स्तोत्र काढून दिलं. २३वं तिला पाठच आहे.