लिलिएंथालच्या पंखाखाली लटकलो तेव्हा

विज्ञान प्रदर्शनांसाठी प्रतिकृती बनवणं हा माझा धंदा. बहुतेक कामं फायबरची आणि घाईची. यंदा मात्र ऑटो लिलिएंथाल या जर्मन उड्डाणवीराचं १८९४चं ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं उडणारं यंत्र, खऱ्या मापात करायला मिळालं. पंख टोकापासून टोकापर्यंत ६.७ मीटर, क्षेत्रफळ १३ चौरस मीटर आणि वजन फक्त २० किलो.

त्या वीस किलोंनी आमचा घाम काढला. मूळ सांगाडा विलोच्या फांद्यांचा, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या जातीतल्या झाडाचा. तशा फांद्या मिळेनात म्हणून बुरूड आळीतल्या काकांना गाठलं. एका इंजिनिअरने ॲल्युमिनियमच्या नळ्या सुचवल्या होत्या. त्याने कामटी कधी हातात धरलेली नसावी. काकांनी पेरं बघून कळक निवडले, आचेवर शेकून वाक दिला. प्रत्येक कामटी गुडघ्यावर दाबून कानाशी धरायची; करकरली की बाजूला. या पंखाच्या काड्या छत्रीसारख्या एका ठिकाणाहून पसरतात, म्हणून अख्खा पंख मिटून उचलून नेता येतो. तो पहिल्यांदा सुरळीत मिटला, तेव्हा आम्ही दोघं काही न बोलता पुन्हा उघडून, पुन्हा मिटून बघत राहिलो. वजन भरलं २३ किलो.

मग शेडमध्ये साखळीवर ते टांगलं आणि मी आत शिरलो. दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत अडकवायचे, सगळा भार तिथेच. पाय जमिनीपासून वीतभर सुटले आणि पहिल्यांदा कळलं, की छाती-खांदे जागच्या जागी जखडतात. हलतात ते फक्त पाय.

काकांनी पुढून ग्लायडरचं नाक वर उचललं. मी पाय जोरात पुढे फेकले. नाक खाली यायला हवं होतं. आलं ते रेंगाळत, अर्धवट.

रात्री हिशेब केला. माझं वजन ६८ किलो, त्यात पाय साधारण २२. ते ४० सेंटिमीटर पुढे नेले, तरी सगळ्याचा गुरुत्वमध्य जेमतेम दहा सेंटिमीटर सरकतो. ९ ऑगस्ट १८९६ला जर्मनीतल्या श्टोल्नजवळच्या टेकडीवर हवेच्या झोताने लिलिएंथालच्या ग्लायडरचं नाक असंच वर गेलं. सुमारे १५ मीटरवरून तो कोसळला, पाठीचा कणा मोडला, दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये वारला. त्यानेही पाय पुढे फेकले असतील. राइट बंधूंनी नंतर अंग हलवून तोल सांभाळण्याचा मार्ग सोडला आणि पंखांनाच पीळ दिला, त्याचं कारण आता माझ्या दंडांना ठाऊक आहे.

काकांना यातलं काही सांगितलं नव्हतं. मला खाली उतरवताना ते म्हणाले, “सर, नुसते पाय हलून काय होतंय? कंबर सरकायला पाहिजे.” आजच्या हँग ग्लायडरमध्ये वैमानिक पट्ट्याला टांगलेला असतो आणि दांडा ओढून-ढकलून अख्खं शरीर सरकवतो, नेमकं तेच!

प्रदर्शनवाल्यांनी फलकाचा मजकूर पाठवलाय, ‘उडण्याचा फसलेला प्रयत्न’. लिलिएंथालची दोन हजारांहून अधिक उड्डाणं, काही २५० मीटरपर्यंतची, आणि प्रत्येक वेळी अशा कोपरांवर लटकून. हा फलक मी लावू देणार नाही. नवा मजकूर लिहून पाठवलाय, त्यात कोपराच्या पट्ट्यांबद्दल चार ओळी जास्तच झाल्यात. त्या काढायला सांगितल्या, तरी काढणार नाही.