तुम्ही विचारलंत म्हणून: [क-ज्ञ] का चालत नाही?

मराठी मजकुराची साफसफाई मी रोज रेग्युलर एक्स्प्रेशननं, म्हणजे नमुना देऊन मजकूर शोधायच्या पद्धतीनं करतो, त्यामुळे हा प्रश्न हमखास येतो: इंग्रजीत ए ते झेड अशी रेंज दिली की अक्षरं सापडतात, मग [क-ज्ञ] दिल्यावर 'मराठी'तलं एकही अक्षर का सापडत नाही?

आपण पाठ केलेली वर्णमाला एडिटरला ठाऊक नसते. तो युनिकोडचे, म्हणजे प्रत्येक अक्षराला कोड देणाऱ्या यादीतले क्रमांक बघतो, आणि तिथे ज्ञ म्हणजे ज, हलन्त, ञ असे तीन कोड. म्हणजे तुमची रेंज ज पाशीच संपली. पुढे हलन्त आणि ञ सुटे पडले. म, र, ठ यांतलं कुणीच आत नाही. [अ-ह]+ करून पाहा, 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे मिळतील. काना-वेलांटीचे क्रमांक ह च्या पुढचे आहेत. ॲ तर आणखी पुढे, तो युनिकोडमध्ये आलाच २००८ साली.

हे मी एकदा चांगलंच भोगलंय. एका हस्तलिखितात सुट्या 'व'च्या जागी 'आणि' हवं होतं. व च्या दोन्ही बाजूंना शब्दसीमेची खूण लावली आणि सगळीकडे बदल केला. त्या एडिटरच्या लेखी मात्रा शब्दाचा भागच नव्हती. 'वेळ'चं 'आणिेळ' झालं, 'देव'चं 'देआणि'. फाइल सेव्ह झालेली होती. जुनी प्रत काढून सगळं काम पुन्हा करावं लागलं. दुसऱ्याचं लेखन हाताशी असताना असं होणं मला फार लागतं.

तेव्हापासून मी देवनागरीचा अख्खा पट्टा धरतो, १२८ जागांचा:

(?<![ऀ-ॿ])व(?![ऀ-ॿ])

मागेपुढे देवनागरी काहीही नसेल तरच हा व सापडतो. पट्ट्यात दंड आणि आकडेही येतात, पण शब्दाच्या कडा तपासायला ते सहसा आड येत नाहीत.

एक गोष्ट मात्र पट्ट्याबाहेर राहते. 'दुसऱ्या'तला ऱ्य कुणी ऱ आणि हलन्त असा टाइप करतं, तर कुणी र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारी जोडखूण) असा. दिसायला दोन्ही सारखेच. हा जॉइनर देवनागरीचा नाही, त्यामुळे शब्द तिथेच तुटतो. कंसात ॿ नंतर तोही कॉपी करून टाका. डोळ्यांना दिसणार नाही, पण बाणाच्या कीनं एकेक पाऊल सरकलात की काही एडिटरांत कर्सर तिथे एकदा जास्त थांबतो.